अडलेलं तेवढं काढून टाका

नाव विचारलं तर ती पोरगी सरळ खोटं नाव सांगून मोकळी झाली. "सिद्धेश्वरी," म्हणाली, एका दमात, पापणी न हलवता. रेकॉर्डिंगच्या फाइलला नाव द्यायचं म्हणून मी वहीत 'सि' एवढंच लिहिलं होतं, तेवढ्यात शेजारी उभी असलेली तिची आई हसायला लागली. "असं काय करायलीस गं? काव्या की तुझं नाव." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "कुणी नवीन माणूस दिसलं की असंच करती. चेष्टेखोर हाय लई." पोरगी फरशीकडं बघत होती. सातवीतली असेल, दोन वेण्या, शाळेचा गणवेश, खालचा ओठ दातात धरलेला. चेष्टा करणारं पोर आई हसली की आईकडं बघतं. ही बघत नव्हती. मी 'सि' खोडला, 'काव्या' लिहिलं, आणि पुन्हा पोरीकडं बघितलं. कारण ह्या शहरात गेली चाळीस वर्षं लोक मला गुरु म्हणून ओळखतात, आणि माझं नाव गुरु नाही.

माझं नाव मंजुनाथ. म म्हणायला गेलं की माझे ओठ मिटतात आणि उघडत नाहीत. प अडतो, ब अडतो, पण म सगळ्यांत हरामखोर. बारा वर्षांचा असताना बापाच्या धान्याच्या दुकानात एकटा बसलो होतो. वैरागचा कुणी व्यापारी आला आणि सहज म्हणाला, नाव काय रं तुझं. माझे ओठ मिटले. व्यापाऱ्याची मान हळूहळू पुढं यायला लागली, अशा वेळी सगळ्यांचीच येते तशी, आणि मी "गुरु" म्हणून टाकलं. ग मला कधी अडत नाही. "शाणा हाय," म्हणून तो ज्वारीचा भाव विचारायला लागला. इतकं सोपं असतं हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. तेव्हापासून मी शब्द बदलत जगलो. मंगळवारी या, असं मी आयुष्यात कुणाला सांगितलेलं नाही; माझं सगळं काम सोमवारी नाहीतर गुरुवारी तयार होतं आणि गिऱ्हाइकांना वाटतं माणूस वेळेचा पक्का आहे. मला मिसळ आवडते आणि हॉटेलात मी चाळीस वर्षं इडली खातोय. दोन ठिकाणी पोरगी बघायला गेलो, दोन्ही ठिकाणी चहा संपेस्तोवर माझं एक वाक्य संपलं नाही, मग ते प्रकरणही बंद केलं. कमी बोलतो म्हणून लोक मला शिष्ट समजतात. समजेनात का. आहेच मी शिष्ट. ज्यांच्या तोंडाला कुठं अडत नाही त्यांच्या डोक्यालाही कुठं अडत नाही, हे मी रोज कानाला हेडफोन लावून ऐकतो, आणि माझं मत बदलावं असं अजून कुणी काही बोललेलं नाही.

चाटी गल्लीत टॉवेलच्या दुकानाच्या वर माझी खोली आहे. चारी भिंतींना चादरी ठोकल्यात, विणताना धागा सुटलेल्या, बाद मालातल्या. आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. पूर्वी रिक्षांवर लावायच्या जाहिराती करायचो, साड्यांचा सेल, क्लासेस, निवडणूक आली की निवडणूक. आता शाळांनी ऑडिओ प्रोजेक्ट काढलेत. एक छापील कागद येतो. त्यात लिहिलेलं असतं की घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीची मुलाखत घ्यावी, आवाज उत्तम दर्जाचा असावा, पार्श्वभूमीला गोंगाट नसावा, संपादन करून एमपीथ्रीमध्ये द्यावं. हा कागद काढणाऱ्या मॅडमनं आयुष्यात माइकला हात लावलेला नसतो. मग आईबाप पोराला घेऊन स्वयंपाकघरात बसतात, डोक्यावर पंखा गरगरतोय, मागं कुकर, फोन टेबलावर पालथा, आणि पोरगं बापानं लिहून दिलेलं वाचतंय, "आजोबा, आपल्या काळातील जीवनशैलीविषयी आपण काय सांगाल?" आजोबा पण असले बिलंदर, की लिहून दिल्यासारखंच सांगतात, आमच्या काळी मोबाइल नव्हते. हे सगळं घेऊन माझ्याकडं यायचं आणि म्हणायचं, जरा क्लिअर करून द्या. पंख्याचा आवाज आणि पोराचा आवाज एकमेकांत कालवल्यावर तुमच्या बापालाही निवडता यायचा नाही, असं माझ्या अगदी ओठावर येतं, आणि बापातल्या ब मुळे तिथंच राहतं. मग मी नुसता कपाळाला आठ्या घालतो. त्या आठ्यांवर माझा सगळा धंदा चाललाय, कारण लोकांना वाटतं ज्याला आठ्या आहेत त्याला ज्ञान आहे. काम झालं की फाइल पेनड्राइव्हवर देतो तर म्हणतात व्हॉट्सअॅपवरच टाका की. टाकतो. त्यात तिचा अर्धा जीव जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही.

तर ही पोरीची आई, राजेश्वरी. वाणिणीसारखी खणखणीत, हातात छापील कागद, मागं जिन्यावर दम खात वर येणारी सासू. पोरीला तिनं आत चादरी बघायला पाठवलं आणि आवाज उतरवून माझ्याशी बोलली. "तिचं जरा अडतं बोलताना. डाक्टर म्हणले वयानं जाईल, पण जाईना. गेल्या साली वर्गात नाव सांगताना पोरं हसली, तर तीन दिवस शाळंत गेली न्हाई. आता ह्या प्रोजेक्टातलं चांगलं चांगलं शाळेच्या हॉलमध्ये लावणार हायती, सगळ्यांम्होरं. तुमी एवढं करा, अडलेलं तेवढं काढून टाका. एकदा तरी लोकांनी तिचं धड ऐकू दे." बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला ते आवडलं नाही. रडणारी माणसं लांबलचक बोलतात. मी मान हलवली. खरं म्हणजे ती पहिलं वाक्य बोलली तेव्हाच माझं ठरलं होतं. माझ्या बापानं, ईरप्पानं, मला असल्या खोलीत कधी नेलं नाही. त्यानं माझ्या जिभेखाली सुपारी ठेवली, पहाटे सिद्धेश्वराच्या तळ्यावर उभं करून शंभर वेळा नाव घ्यायला लावलं, आणि दुकानात कुणी मला काही विचारलं की "बेग हेळ, बेग हेळ" असं कानडीत पुटपुटून शेवटी स्वतःच उत्तर दिलं. लवकर सांग, लवकर सांग. माझं एक वाक्य त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाही, आणि तो गेला तेव्हा शेवटचं वाक्यही माझ्या तोंडातच राहिलं. मला त्याचा राग येतो. पन्नाशी उलटली तरी येतो. तेव्हा मला कुणी माझंच बोलणं साफ करून हातात दिलं असतं तर मी त्या माणसाचे पाय धुऊन पाणी प्यायलो असतो, असं मला त्या दिवशी वाटलं, आणि हे वाटणं बरोबर आहे का हे बघायला मी एक क्षणही थांबलो नाही.

आजीचं नाव सावित्रम्मा. ती कडक भाकऱ्या करून विकायची, आता सून करते. पोरीला मी माइकपासून एक वीत अंतरावर बसवलं, माइकवर पायमोजा चढवलेला असतो, प आणि फ फुटू नये म्हणून, तो बघून ती जराशी हसली. खोली रिकामी असताना कशी ऐकू येते ते आधी दहा सेकंद रेकॉर्ड करून घेतलं. कापलेल्या जागा बुजवायला ती शांतता लागते. मग आईला बाहेर काढून दार लोटलं आणि पोरीला खूण केली. "नमस्कार. माझं नाव क—" आणि तिथं बंद. क मध्ये आवाजच नसतो, घशाच्या मागं दार लागतं आणि माणूस दाराच्या अलीकडं उभा राहतो. तिची हनुवटी वर गेली, डावा हात मांडीवर आपटायला लागला, डोळे छताला. मला हे बघवत नव्हतं आणि मी बघत होतो. पडद्यावर सपाट रेघ सरकत होती, मधूनच एखादं बारीक टिंब. चार वेळा घेतलं. चारी वेळा तेच; चौथ्या वेळी शेवटी नुसता 'व्या' तेवढा निघाला. शेवटी "नमस्कार, माझं नाव" एवढं ठेवून मी तिला पुढं जायला सांगितलं, म्हणजे बोटानं, आणि तिनं आजीला प्रश्न विचारायला सुरुवात केली. "आजी, तू प-पहिली भाकरी क-क-क—" आणि म्हातारी तिच्याकडं बघत बसली होती. मान पुढं नाही, ओठ हलत नाहीत, घाई नाही. म्हातारी नुसती श्वास घेत होती, संथ, आणि हातातली शेंग सोलत होती. कुठून आणली होती कोण जाणे. पोरीचं "कधी केलीस" निघालं तेव्हा म्हातारी म्हणाली, "नऊ वर्षाची हुते की. जळाली ती. सासरी आल्यावर पण जळाली. कडक भाकरी म्हंजे जळायच्या आदी काढायची आन् वाळायच्या आदी बांदायची न्हाय, एवढंच हाय बग त्यात." असं पाऊण तास चाललं. पोरीनं विचारलेले प्रश्न चांगले होते. कागदावरचे नव्हते. भाकरी थापताना हात दुखला की काय करतेस, असं कुणी आजवर माझ्या खोलीत आजीला विचारलं नव्हतं. मी ते ऐकलं आणि त्याकडं दुर्लक्ष केलं, कारण मी अडलेल्या जागा मोजत होतो. एकशे चौदा.

कापणं मला येतं. ह्या शहरात माझ्यासारखं कुणाला येत नाही आणि हे मी सांगतो त्यात बढाई नाही, कारण कुणाला ते माहीतच नाही. रिक्षांवरच्या जाहिरातीतला तो भरदार आवाज माझा आहे. एकेका जाहिरातीला शंभर ठिकाणी कापून, दुसऱ्या शब्दातलं अक्षर उचलून, मी माझा आवाज बांधलाय. एकदा नव्या पेठेत केळी घ्यायला उभा होतो, बोट दाखवून, अर्धा डझन, आणि शेजारनं रिक्षा गेली, "महासेल, महासेल, महिनाअखेरपर्यंतच" असं माझ्याच आवाजात ओरडत. केळीवाला म्हणाला, काय आवाज हाय ओ माणसाचा. मी मान हलवली आणि केळी घेतली. त्या रात्री मला वाटलं होतं की मी ह्या सगळ्यांना गंडवलंय, आणि त्या वाटण्यावर मी पुढची बरीच वर्षं काढली. तर पोरीचं काम मी तीन दिवस केलं. पडद्यावरची लाट मधल्या रेषेला टेकते तिथंच कापायचं, नाहीतर टक् होतं. अडखळणं उपटलं, जागा शांततेनं बुजवली. म्हातारीचं थांबणंही काढलं, कारण प्रश्न सरळ आल्यावर उत्तराआधीची ती भली मोठी सुस्ती बरी दिसेना. शेंगांचा आवाजही काढला. पाऊण तासाची पाच मिनिटं झाली. फक्त नाव राहिलं. पोरीच्या साऱ्या बोलण्यात शब्दाच्या सुरुवातीला एकसुद्धा साफ 'का' सापडला नाही. मी दोन संध्याकाळी शोधला. मग एका जागी, पार मागं, दाराबाहेरनं तिची आई ओरडलेली सापडली, "काव्या, पाणी पी गं." माझ्या पायमोज्यातल्या माइकनं दाराबाहेरचंही पकडलं होतं. तो 'का' मी उचलला. सूर वर चढवला, आवाज पातळ केला, दाराआडचा घुमारा काढला, आणि पोरीच्या 'व्या' ला जोडला. व्या तिनं एकदा नीट म्हणलेला होता, चौथ्या प्रयत्नाच्या शेवटी. जोड इतकी बेमालूम बसली की मी एकटाच खोलीत हसलो. नमस्कार, माझं नाव काव्या. मी तो तुकडा तीसेक वेळा ऐकला असेल. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू, आणि ते पोरीसाठी नव्हतं.

गुरुवारी तिघी आल्या. राजेश्वरी ऐकतानाच रडायला लागली, ओढणीनं नाक पुसत म्हणाली, "आवो ही माझी पोरगी? माझी पोरगी बोलती व्हय ही अशी." म्हातारीनं हेडफोन लावून घेतला नाही, कान दुखतो म्हणाली. पोरीनं सगळं ऐकलं, पाचच्या पाच मिनिटं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून लावायला खूण केली, आणि नावाशी थांबवायला लावलं. तीनदा. मला वाटलं तिला विश्वास बसत नाहीये. मी आठ्या जरा कमी केल्या. जाताना तिनं मागं वळून बघितलं आणि मला ते कौतुक वाटलं. माणूस इतकी वर्षं लोकांना गाढव समजत बसला की त्याला कौतुक ओळखायची सवय राहत नाही, तर दुसरं कसलंही बघणं तो कौतुक म्हणून खिशात घालतो. पुढचे आठ-दहा दिवस माझे फार छान गेले. जुळे सोलापूर भागातला एक बाप आला, त्याच्या पोराला आजोबा नव्हते म्हणून तो स्वतःच म्हाताऱ्याचा आवाज काढायला तयार होता, खोकल्यासकट. त्याच्यावरही मी नेहमीसारखा उखडलो नाही.

मग एका सकाळी राजेश्वरी परत आली. पोरीचा दंड धरून आणली होती. "तुमच्या फाइलीला पयला नंबर आला," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद काही दिसेना. शनिवारी हॉलमध्ये लावणार होते. लावून झाल्यावर काव्यानं स्टेजवर यायचं, पाहुणे दोन प्रश्न विचारणार, तिनं उत्तरं द्यायची. मॅडम म्हणल्या होत्या, एवढं स्वच्छ बोलती तर वर्गात गप का असती ही. "आन् ही बोलंचना झालीया," राजेश्वरी म्हणाली. "त्या गुरुवारपास्नं. एक शबुद न्हाई. आधी अडत का हुईना बोलत तर हुती. आता वहीत लिहून दावती. शाळंत पण तसंच. मॅडमला सांगितलंय घसा बसलाय. आजीसंगं पण बोलंना, म्हातारी तिच्या शेजारी बसून राहती दिसभर." तिनं पिशवीतनं वही काढून माझ्यापुढं धरली. चौकटीची वही, गणिताची. दूध नको. पेन संपलं. मला झोप आली नाही. असलं सगळं पानभर, एकाखाली एक. आणि एका पानावर, अक्षर दाबून लिहिलेलं, 'पहिला का आईचा आहे. आता पुढचं पण आईच बोलू दे.'

माझी जोड आजवर कुणी ओळखली नाही. आकाशवाणीतनं निवृत्त झालेला एक इंजिनिअर दर महिन्याला माझ्या खोलीत येऊन चहा पितो, त्याला ओळखता आली नाही. खुद्द त्या आईला स्वतःचा आवाज ओळखता आला नाही. हिनं पहिल्या ऐकण्यात ओळखलं, आणि तीनदा ऐकून खात्री करून घेतली, आणि जाताना माझ्याकडं बघितलं. मी खुर्चीत बसलो. मला आधी राग आला, हे कबूल करतो. अगं एवढुशी तू, तुझ्यासाठी मी तीन दिवस डोळे फोडले, तुला एक 'का' खुपला. मग मला दिसलं की माझ्या बापानं दुकानाच्या गादीवर बसून जे केलं तेच मी मशिनीवर केलंय, आणि फार स्वच्छ केलंय. बापाचं निदान ऐकू तरी यायचं. ही पोरगी नावापर्यंत गेली आणि तिथं आई बसलेली. मला लाज वाटली. आधी कधी अशी वाटली होती ते आठवेना. इतकी वर्षं मी लोकांच्या तोंडाला हसत होतो आणि माझं स्वतःचं तोंड फाइलीत होतं.

राजेश्वरीचं बोलणं चालूच होतं. प्रश्न मॅडमनी आधीच दिले होते, दोन, ते तिनं कागदावर आणले होते. "तुमी उत्तरं करून द्या. म्या स्टेजवर हिच्या शेजारी हुबी ऱ्हाते, घसा बसलाय म्हणून मोबाइलवरनं लावते. लोकं कशाला विचारत्यात." मी पोरीकडं बोट केलं, म्हणजे हिनं बोललं पाहिजे ना त्यासाठी. "ही कशाला बोलंल?" ती म्हणाली, आणि मग एकदम आवाज खाली आणून, आपण काही अवघड मागतोय हे कळून, म्हणाली, "माझ्याच आवाजावरनं करा की. त्या बारीला केलंच की तुमी. मला तर कळलं बी न्हाई मी हाय म्हणून. मी बोलते, तुमी बारीक करा." माझ्या डोक्यात तेवढ्यात हिशेब सुरू झाला होता, किती वर चढवायचं, श्वास कुणाचे ठेवायचे, र जरा जाड आहे बाईचा तो कसा झाकायचा. झालं असतं. उत्तम झालं असतं. शनिवारी हॉलनं टाळ्या वाजवल्या असत्या, आणि पुढच्या वर्षी तोंडी परीक्षा आली असती, तीही केली असती, आणि पोरगी मोठी होऊन केळी घ्यायला बोट दाखवत उभी राहिली असती. ती कोपऱ्यात चादरीला पाठ लावून उभी होती. माझ्याकडं बघत होती, हा आता काय करतो म्हणून. त्या नजरेत माझ्याबद्दल काडीचा आदर नव्हता. मी आजवर सगळ्या जगाकडं असाच बघत आलो होतो, पण ते असं समोरून कसं लागतं ते मला माहीत नव्हतं.

मी "नाही" म्हणून मोकळा होऊ शकलो असतो. न मला अडत नाही. "गुरुवारी या" म्हणू शकलो असतो. पण मला तिला एक सांगायचं होतं, साधं, चार शब्दांचं, मला पण असंच होतं. त्यालाही वाट काढता आली असती. 'आमचंही तसंच' म्हणलं की काम भागतं, असले वळसे माझ्याकडं ढीगभर आहेत, तोंड उघडायच्या आत ते आपोआप रांगेत उभे राहतात. मी ते सगळे बाजूला सारले. खुर्ची वळवली, तिच्याकडं तोंड केलं, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा समोर माणूस असताना म ला हात घातला. ओठ मिटले. ते मिटणारच होते. श्वास मागं अडला, मानेच्या शिरा ताणल्या, उजवा डोळा फडफडायला लागला; हा डोळा इतका फडफडतो हे मी विसरून गेलो होतो. म्म्म्म. घशातनं एक हंबरल्यासारखा आवाज यायला लागला. खाली टॉवेलच्या दुकानात कुणीतरी गठ्ठा आपटला. राजेश्वरीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग पोरीकडं, मग परत माझ्याकडं, आणि तिच्या चेहऱ्यावर ते सगळं हळूहळू उतरलं. मग तिची मान पुढं यायला लागली. तिला बघवेना. बाई वाईट नाही. कुणालाच बघवत नाही. "पाणी देऊ का? म... मोबाइल? मोबाइल पाह्यजे का तुमाला? मशिनीचं काय सांगायलाव का? म्या सांगते, तुमी ऱ्हाऊ द्या—"

"आ-आई," कोपऱ्यातनं आवाज आला. घोगरा, दहा दिवस न वापरलेला. राजेश्वरी गर्रकन वळली. पोरीचा डावा हात मांडीवर आपटत होता, हनुवटी वर गेली होती, आणि ती आईकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती, रागानं. "त-तू ग-गप बस. त्यांना क-क—" आणि तिचं दार लागलं. राजेश्वरीनं वाक्य पुरं करायला तोंड उघडलं आणि स्वतःच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. पोरगी तिच्या क शी झटत होती, कपाळावर घाम, आणि मग तो निघाला, तुटका, फाटका, तिचा स्वतःचा. "क-करू दे."

मी अजून म वरच होतो.